मासळीच्या दाराचा रखवालदार

मुलांनो, जरा डोळे मिटा. सगळ्यांनी. बाकाखाली पाय हलवणंही थांबवा.

आता असं समजा, की तुम्ही एका दगडी सूतगिरणीच्या तिसऱ्या मजल्यावर उभे आहात. तुमचं वय अकरा. पायात काही नाही, कारण लाकडी जमीन तेलानं इतकी गुळगुळीत झालेली आहे, की बूट घातले तर घसरायला होतं. समोर एक लांबलचक साचा आहे. त्याच्यावर अठ्ठेचाळीस चात्या फिरतायत आणि प्रत्येक चातीवर धागा गुंडाळला जातोय. धागा तुटला की तुम्ही तो जोडायचा. बॉबिन भरलं की काढायचं, रिकामं लावायचं. सकाळी पाचपासून संध्याकाळी सातपर्यंत. आवाज एवढा, की शेजारची मुलगी ओरडली तरी तुम्हाला फक्त तिचे ओठ हललेले दिसतात. खिडक्या मोठ्या आहेत, पण खालच्या काचांना चुना फासलेला आहे, कारण बाहेर बघणाऱ्या मुलीचे धागे जास्त तुटतात, असं मुकादमाचं म्हणणं. त्या चुन्यात तुम्ही एक नखाएवढं भोक पाडलंय. त्याला डोळा लावा.

खाली नदी दिसते. कालपर्यंत ती तपकिरी होती. आज बंधाऱ्याच्या पायथ्याशी ती काळी झालीय, आणि तो काळा रंग हलतोय. नीट बघा. त्या पाठी आहेत. हजारो माशांच्या पाठी, एकमेकींना चिकटून, सगळ्यांची तोंडं वरच्या दिशेला.

उघडा डोळे. त्या भोकाला डोळा लावून उभी होते ती मी, रूहामा टिंकम. साल १८२६, एप्रिलचा महिना, मंगळवार.

ते मासे हेरिंग होते. वर्षभर ते समुद्रात राहतात आणि वसंतात आमच्या मॅटापॉक नदीतून वरच्या तळ्यात अंडी घालायला येतात. आमच्या गावात धान्य, लोकर, लाकूड सगळं माणसानं कष्ट करून मिळवायचं; हेरिंग तेवढे आपल्या पायांनी यायचे, असं गावातल्या विधवा पेनीमनबाई म्हणत. माशांना पाय नसतात हे मी त्यांना एकदा सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “म्हणून तर कौतुक.”

पूर्वी नदीवर एक बुटकी पीठगिरणी होती. तिचा बंधारा इतका ठेंगणा होता, की मासे उडी मारून पलीकडे जात. मग सूतगिरणी आली आणि तिनं बंधारा पुरुषभर उंच केला. गावानं तेव्हा एक अट घातली. बंधाऱ्याच्या कडेला एक अरुंद वाट ठेवायची, तिला ओकच्या फळ्यांचं दार बसवायचं. मासे बंधाऱ्याला लागले, की त्याच दिवशी ते दार वर उचलायचं आणि आठवड्यातले चार दिवस उघडं ठेवायचं. ते चार दिवस तळ्यातलं पाणी उतरतं, गिरणीचं चाक थांबतं. थांबू दे. दार उचलायचा अधिकार एकाच माणसाला, मासळीच्या रखवालदाराला. दुसऱ्या कुणी हात लावला तर दंड. दार उघडण्याआधी कुणी मासा धरला तरी दंड. आणि दार उघडल्यावर सगळ्यात आधी भरायचे ते गावातल्या सात विधवांचे टब. ते खारवलेल्या माशांनी काठोकाठ भरल्याशिवाय बाकी कुणाच्या जाळ्यानं पाण्याला शिवायचं नाही.

हे सगळं एका कागदावर लिहून गावसभेच्या घराच्या दारावर ठोकलेलं होतं. आमच्या गावाचा कागदावर फार विश्वास.

त्या वर्षीचे रखवालदार माझे बाबा होते.

ते कसे झाले, हे आधी सांगते. मार्चमध्ये गावसभा भरली. पुरुष खाली बसत, बायका आणि मुलं वरच्या सज्ज्यात. रस्त्यांवर देखरेख करणारा निवडला गेला, कुंपणं तपासणारा निवडला गेला, मोकाट डुकरं पकडणारा निवडला गेला आणि त्याला सगळे हसले. मग मासळीच्या रखवालदाराची पाळी आली. बावीस वर्षं ते काम म्हाताऱ्या झीनस हाउलंडकाकांकडे होतं. त्यांचंच नाव पुन्हा येणार म्हणून अर्धे लोक टोप्या शोधायला लागले होते.

तेवढ्यात मिस्टर क्रेन उभे राहिले. हे गिरणीचे व्यवस्थापक. मऊ आवाजाचे, नेहमी करड्या हातमोज्यांत, आणि खिशात मुलांसाठी पेपरमिंटच्या गोळ्या. मीही खाल्ल्या होत्या.

“मी गावात नवा आहे,” ते म्हणाले. “पण आल्यापासून एक गोष्ट ऐकतोय. एलनेथन टिंकमच्या पिंपातून पाणी गळत नाही आणि तोंडून खोटं बाहेर पडत नाही. हाउलंडकाकांनी आता आराम करावा. माझ्या मते, टिंकमइतका सरळ माणूस तुम्हाला सापडायचा नाही.”

मुलांनो, गिरणीच्या माणसानं हे म्हटलं! ज्याचं चाक बंद पडणार, त्यानंच! सभेला इतकं भरून आलं, की टाळ्या थांबेनात. बाबा लाजून लाल झाले होते. ते पिंपं बनवायचे. दोन वर्षांपूर्वी ते काम आटलं, तेव्हा गिरणीनं त्यांना आवारातलं सुतारकाम दिलं आणि राहायला घर दिलं. अट एवढीच, की आम्ही तिघं भावंडं गिरणीत कामाला जायचं. गिरणीत गेल्यापासून बाबा लोकांशी बोलताना थोडे वाकून बोलत. त्या दिवशी ते ताठ उभे राहिले. मी सज्ज्याच्या कठड्यावर इतकी वाकले, की आईनं माझा झगा मागून धरून ठेवला.

झीनसकाका उठले, कोपऱ्यातला लांब आकडा आणून त्यांनी बाबांच्या हातात दिला. दाराच्या लोखंडी कडीत अडकवून दार उचलायचा तो आकडा.

“धर,” ते म्हणाले. “वाटतो तेवढा हलका नाही.”

बाहेर पायऱ्यांवर पेनीमनबाई उभ्या होत्या. नवरा समुद्रावर गेला तो परत आला नव्हता. चार मुलं आणि एक टब एवढा त्यांचा संसार.

“टिंकम, माझा टब फेब्रुवारीपासून कोरडा आहे. लवकर बोलाव हं मासे.”

“मी काय शिट्टी वाजवून बोलावू?”

“वाजवून बघ. बायको नाही का तशीच आली?”

आई हसली. बाबाही हसले. घरी जाताना आठ वर्षांचा आसा आणि मी आळीपाळीनं तो आकडा खांद्यावर घेत होतो.

तर, मंगळवारी मासे आले. मी दिवसभर भोकातून बघत होते आणि दिवसभर दार खाली होतं. रात्री जेवायला घरी आलो तेव्हा आसानं ताटावर बसण्याआधीच विचारलं, “उघडलं?”

“काय?”

“दार.”

“पाणी कमी आहे,” बाबा म्हणाले. “यंदा बर्फच पडलं नाही. एखादा दिवस थांबू.”

“पण कागदावर ‘त्याच दिवशी’ लिहिलंय,” मी म्हटलं. “तुम्हीच वाचून दाखवलंत.”

“रूहामा, बटाटा खा,” आई म्हणाली.

“पण आई...”

“बटाटा.”

सोळा वर्षांच्या लोविसानं, माझ्या बहिणीनं, टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. तिला काहीतरी कळलेलं होतं. मला नव्हतं. मला वाटलं, पाणी खरंच कमी असेल.

बुधवारी कामावर जाताना पुलावर वास आला. खाली दगडांच्या कपारीत पांढरी पोटं वर करून मासे पडले होते. बाकीचे अजून बंधाऱ्यावर डोकी आपटत होते. उडी मारायची, ओल्या फळीवर आपटायचं, खाली पडायचं, पुन्हा उडी. कित्येकांची तोंडं रक्ताळलेली होती. आणि काठावर सात विधवा सात टब घेऊन बसलेल्या. कुणी आरडाओरडा करत नव्हतं. कुणी दगड उचलत नव्हतं. एखाद्याच्या अंत्ययात्रेला वेळेआधी आलेल्या लोकांसारख्या त्या बसल्या होत्या. रखवालदार येईल आणि दार उचलेल. कागदावर तसं लिहिलं होतं.

“तुझे बाबा आजारी आहेत का गं?” पेनीमनबाईंनी मला विचारलं.

“नाही.”

“मग बरं,” त्या म्हणाल्या. पण बरं वाटल्यासारखं त्यांचं तोंड नव्हतं.

त्याही दिवशी दार खालीच राहिलं. संध्याकाळी बाबा जेवले नाहीत. मी रागावले होते, पण पाण्यावर, बर्फावर, आकाशावर. बाबांवर रागवायचं मला अजून सुचलं नव्हतं.

गुरुवारी दुपारची घंटा झाली. जेवायला पाऊण तास मिळे. बाबा बंधाऱ्यावर होते, म्हणून आईनं त्यांचा डबा माझ्याकडे दिला. मी धावत गेले. दाराशेजारी एक लाकडी खोपी होती, तिच्या मागे पोहोचले तेव्हा पलीकडून मिस्टर क्रेनचा आवाज आला. तोच मऊ आवाज. मी डबा पोटाशी धरून उभी राहिले.

“तीन आठवडे, टिंकम. बोस्टनचा माल गेला, की मग खुशाल उघड.”

“तीन आठवड्यांत मासेच उरायचे नाहीत, साहेब.”

“मग उघडायचा त्रासही उरणार नाही.”

“यंदा अंडी घातली नाहीत, तर चार वर्षांनी काहीच परत येणार नाही. वरचं तळं रिकामं होईल. मी शपथ घेतलीय. सगळ्या गावासमोर.”

“मला ठाऊक आहे. टाळ्या मीच सुरू केल्या होत्या.” क्रेन थोडा हसला. “एक सांग. या गावात सरळ माणसं कमी पडली म्हणून मी तुझं नाव घेतलं, असं वाटलं तुला? तो म्हातारा हाउलंडही सरळच होता. पण त्याचं घर त्याचं आहे आणि त्याची मुलं दूर ओहायोला आहेत. त्याला मी काय करणार? तुझी तीन मुलं माझ्या यादीवर आहेत. तुझ्या डोक्यावरचं छप्पर माझं आहे. दार वर गेलं, की तिघांची नावं कापली आणि संध्याकाळच्या आत तुझी चूल रस्त्यावर. तू सरळ माणूस आहेस, टिंकम. मुलांना उपाशी मारणाऱ्यांतला नाहीस. मी तेवढाच विचार केला.”

बाबा काही बोलले नाहीत. मी वाट बघितली. कितीतरी वेळ बघितली. खाली मासे आपटत होते, धप, धप, ओल्या कपड्यांसारखे.

मी डबा खोपीच्या पायरीवर ठेवला आणि मागच्या मागे उतरले. काठावर झीनसकाका एका ओंडक्यावर बसले होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

“तुम्हाला माहीत होतं?”

काय माहीत होतं, हे त्यांनी विचारलं नाही.

“मार्चमध्येच कळलं मला,” ते म्हणाले. “त्यानं तुझ्या बापाचं नाव घेतलं त्या क्षणी.”

“मग बोलला का नाहीत?”

“बावीस वर्षं आकडा माझ्याकडे होता, पोरी. मी बोललो असतो, तर लोक म्हणाले असते, म्हाताऱ्याला हातातलं सुटत नाही.”

“म्हणाले असते तर म्हणाले असते!”

“हो,” ते म्हणाले. “आता तसंच वाटतं.”

मी त्यांना काहीतरी वाईट बोलले. काय, ते मी वर्गात सांगणार नाही.

मग घंटा झाली आणि मी गिरणीत गेले. हे लक्षात घ्या, मुलांनो: मी गेले. घंटा झाली की पाय आपोआप जिन्याकडे वळायचे. दोन वर्षांत ते तसे शिकले होते. मी साच्यासमोर उभी राहिले आणि धागे जोडायला लागले. एक तुटला, जोडला. दुसरा तुटला, जोडला. आणि जोडता जोडता डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. मार्चमध्ये मला वाटलं होतं, गावानं माझ्या बाबांना निवडलं. गावानं काही निवडलंच नव्हतं. क्रेननं निवडलं होतं, आणि तेही बाबांना नाही. लोविसाला, आसाला आणि मला. त्या दाराला कुलूप लागलं होतं आणि ते कुलूप मी होते. मी इथे उभी राहून जेवढे धागे जोडत होते, तेवढं ते घट्ट बसत होतं. आणि वर मी त्या माणसाच्या गोळ्या चोखल्या होत्या, “थँक यू, सर” म्हटलं होतं, गुडघे वाकवून.

साच्याच्या टोकाला एक लाकडी दांडा असतो. तो ओढला की चामड्याचा पट्टा बाजूला सरकतो आणि साचा थांबतो. काही मोडलं तरच तो ओढायचा.

मी ओढला.

अठ्ठेचाळीस चात्या हळू झाल्या आणि थांबल्या. एवढ्या गोंगाटातही एक साचा थांबला की सगळ्यांना कळतं. मुकादम पेक धावत आला आणि माझ्या कानाशी ओरडला, “काय मोडलं?”

“काही नाही.”

“मग?”

“मी चालले.”

“कुठे?”

“खाली.”

“त्या दाराबाहेर पाय टाकलास तर तुझं नाव कापेन! तुझ्या बहिणीचं आणि त्या कार्ट्याचंही! तिघांचा करार एक आहे!”

“कापा,” मी ओरडले. “पेन्सिल कानावरच आहे तुमच्या.”

त्यानं खरंच कानावर हात नेला. मी थांबून बघितलं. त्यानं खिशातली वही काढली, पान शोधलं आणि तीन रेघा मारल्या. मग मी जिना उतरले. दुसऱ्या मजल्यावर लोविसा दिसली. मी तिला हात केला, पण ती पाठमोरी होती.

बंधाऱ्यावर बाबा तसेच उभे होते, आकडा आडवा धरून. क्रेन त्यांच्या शेजारी. खाली विधवा, झीनसकाका, आणि आता गावातले बरेच लोक. मी सरळ पाण्यात उतरले. पाणी बर्फासारखं होतं, कमरेपर्यंत आलं. मासे माझ्या पायांवर आपटत होते. मी एप्रनचा ओचा धरला, पाण्याखाली नेला आणि वर उचलला. आठ-दहा आले. त्यांच्या धडपडीनं माझे हात हिसकत होते. तशीच दगडांवरून वर चढले, बाबांसमोरून, क्रेनसमोरून, आणि ओचा वरच्या तळ्यात उलटा केला. ते खाली गेले, चमकले आणि दिसेनासे झाले.

मग पुन्हा उतरले.

“रूहामा,” बाबा म्हणाले, “वर जा. कामावर जा.”

मी दुसरा ओचा भरला. दगडावर गुडघा आपटला, फुटला. वर गेले, ओतला. क्रेन आधी हसत होता.

“किती करशील? इथे लाख आहेत.”

मी तिसरा भरला. तेव्हा पेनीमनबाई उठल्या. त्यांनी आपला टब उचलला, घागरा खोचला आणि पाण्यात आल्या. टबात मासे भरले, भरलेला टब मांडीच्या आधारानं वर नेला, आणि तो घरी न नेता तळ्यात ओतला. त्यांची चार मुलं काठावर उभी राहून बघत होती. त्यांच्या घरात खायला काय होतं ते मला माहीत होतं, म्हणून सांगते. त्यांनी ओतला.

आता क्रेन हसेना.

“रखवालदार!” त्यानं मोठ्यानं हाक मारली, सगळ्यांना ऐकू जावी म्हणून. “दार उघडण्याआधी मासे धरले जातायत. हा गुन्हा आहे. कागदावर लिहिलंय. दोघींना दंड कर.”

“मला कर की दंड,” पेनीमनबाई धापा टाकत म्हणाल्या. “घरी एक टब आहे, तो हा. घेऊन जा.”

काठावर कुणीतरी हसलं. बाबा हसले नाहीत. ते क्रेनकडे वळले.

“दंडाचं कलम तुम्हाला पाठ आहे, साहेब,” ते म्हणाले. “दार उचलायचं कलम काय आहे?”

“टिंकम, दाराला हात लावलास तर तुझ्या पोरांची नावं...”

“कापली,” मी म्हटलं. मी तेव्हा त्या दोघांच्या मध्ये उभी होते, ओच्यातून पाणी गळत होतं. “पेकनं कापली. तिघांची. मी बघितलं.”

नावांबरोबर घरही गेलंच होतं. क्रेनकडे दुसरं काही नव्हतं, मुलांनो. एवढा मोठा माणूस, एवढी दगडी गिरणी, आणि ते दार खाली दाबून धरायला त्याच्याकडे तीन मुलांच्या नावांखेरीज काहीच नव्हतं.

बाबांनी माझ्याकडे बघितलं.

“खरंच?” त्यांनी विचारलं. “तिघांची?”

त्या क्षणाचा विचार मी पुढे साठ वर्षं केला आहे. मला वाटत होतं, ते आधी आकडा उचलतील. मग विचारतील. किंवा विचारणारच नाहीत. पण त्यांनी आधी विचारलं. आता आणखी काही जाणार नाही ना, याची खात्री करून घेतली.

“तिघांची,” मी म्हटलं.

मग ते दाराकडे गेले. आकडा कडीत अडकवला, खांदा खाली घातला आणि उचललं. ओल्या फळ्या करकरल्या. पहिल्यांदा वीतभर, मग हातभर, मग सगळं दार वर. पाणी त्या अरुंद वाटेनं धाडधाड खाली आलं आणि क्षणभर सगळे मासे मागे रेटले गेले. मग एक शिरला. मग दहा. मग ते इतके शिरले, की पाणी कुठे आणि मासे कुठे, हे कळेना. जणू नदीच उलटी वर चढायला लागली. काठावर लोक ओरडत होते, टोप्या उडवत होते, जणू हे सगळं त्यांनीच केलं. पलीकडे गिरणीचं मोठं चाक हळू झालं, एकदा कण्हलं आणि थांबलं. एकेका मजल्यावरचा आवाज बंद होत गेला. चुना फासलेल्या खिडक्या वर सरकल्या आणि तिथून मुलींची डोकी बाहेर आली. क्रेन कधी गेला ते मी बघितलंच नाही.

मी तोपर्यंत पुन्हा पाण्यात उतरले होते. दगडांच्या कपारीत काही जिवंत मासे अडकले होते, त्यांना प्रवाहात ढकलत होते. हात बधिर झाले होते. वर बघितलं तर काठावर बाबा गुडघ्यांवर बसलेले. आकडा बाजूला ठेवला होता. त्यांचे डोळे भरून आले होते.

“ये,” ते म्हणाले. त्यांनी हात खाली केला. “ये, पोरी. गारठशील.”

तो हात चांगला होता. त्या हातानं मला अक्षरं गिरवायला शिकवली होती. मी त्या हाताकडे बघितलं, आणि तीन दिवस तो ज्या दारावर पडला नव्हता त्या दाराकडे बघितलं.

मी तो धरला नाही. बाजूच्या दगडांना धरून माझी मी वर आले. पुलावरून, ओल्या कपड्यांनी, रक्ताळलेल्या गुडघ्यानं, घरी गेले. आई दारात उभी होती. तिला चाक थांबलेलं कळलं होतं. मी तिच्या शेजारून आत शिरले, फळीवरून ताटं खाली काढली आणि एकेक कापडात गुंडाळून पेटीत भरायला लागले.